तीन फूट

बाहेरून घराची लांबी एकशे अठ्ठेचाळीस.
आतून मोजली, खोल्या, भिंती, सगळं धरून,
तर एकशे पंचेचाळीस.
पुन्हा मोजली. तेवढीच.
टेपचं दुसरं टोक धरून उभा असलेला फ्लोरियान म्हणाला,
"भाटकारांचा हिशेब कधी जुळलाय?"

कुडतरीच्या तळ्याकडे तोंड करून हे घर बसलंय.
रस्त्याच्या अंगाला अकरा खिडक्या, प्रत्येकीत
दोनशे-अडीचशे शिंपल्या, घासून कागदासारख्या पातळ केलेल्या.
त्यातून आत येतो तो उजेड
पेजेच्या निवळीसारखा,
भूक भागवत नाही, पण पोटाला शांत करतो.

आनिबालबाब बाल्कांवात सोप्यावर बसून सांगतात:
पणजोबा मोझांबिकला गेले, परत आले,
झुंबर बेल्जियमहून, बश्या मकावहून,
जुवारीतून होडीने राशोलपर्यंत,
तिथून माणसांच्या डोक्यावर.
माणसांची नावं त्यांना माहीत नाहीत.
मला त्यातलं एक माहीत आहे,
पण मी पेन्सिलीला टोक काढत राहतो.

नाचाच्या सालाचं छत इतकं उंच
की बोललेला शब्द खाली यायला वेळ घेतो.
त्याच्या मागे राजांगण:
चार बुटके खांब, कमरेएवढी जोती,
दारं अशी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही.
पुढचं घर मान ताठ ठेवायला शिकवतं,
मागचं आधी नमस्कार घेतं, मग आत घेतं.
अंगणाच्या मधोमध जांभ्याचा एक चौकोन,
बाकीच्या फरशीपेक्षा जुना. त्यावर नेच्याची कुंडी.
"इथे विहीर होती," आनिबालबाब म्हणाले.
विहीर चौकोनी आणि दीड हाताची नसते
हे त्यांनाही ठाऊक, मलाही.
आम्ही दोघांनी पन्हळीकडे पाहिलं.
पन्हळ गळत होती. तेवढं बोलायला पुरलं.

शिडी लावून छताच्या वर गेलो.
खालून सोनेरी वेलबुट्टी, वरून रंधाही न लागलेल्या फळ्या.
घरं अशीच असतात, आणि घराणीही.
वाशांवर आकडे कोरलेले, एक ते सत्तावीस,
देवनागरीत. दर्शनी भिंतीवर साल रोमन आहे.
नऊ दोनदा आलाय. कुणाला तरी
त्या दिवशी ताप असावा, किंवा मजुरी थकलेली.
आणि पाच:
शेपटीला उलटी आकडी, माशाच्या गळासारखी.
आमच्या पटाशीच्या मुठीवर तसाच पाच आहे.
याच भाटाच्या कोपऱ्यात आमचं घर,
त्याचा कागद बापाच्या काळात झाला,
तोवर आम्ही राहत होतो ते "राहू दिलं" म्हणून.

मग बॅटरीच्या उजेडात तीन फूट सापडले.
सालाच्या पाठच्या भिंतीमागे
दीड फूट अंधार, दीड फूट भिंत.
भिंत राजांगणातल्या घराची. तिचं तोंड.
पणजोबांनी पाडलं नव्हतं ते,
नुसतं त्याच्यासमोर नवं घर उभं केलं,
पाठ करून.
लाकडी गजांची एक खिडकी, कावेचा तांबडा पट्टा,
आणि दिव्याचा कोनाडा. बोट फिरवलं.
काजळी अजून बोटाला लागते.

खाली आलो तर आनिबालबाब जिन्याशी उभे.
"काय आहे रे तिथे?"
"भिंत."
"कुणाची?"
फ्लोरियान टेप गुंडाळत होता, तो थांबला.
"तुमची," मी म्हणालो. "पहिली."
ते बराच वेळ काही बोलले नाहीत,
मग आतून दोन कप चहा आले,
बश्या निळ्या, मकावच्या. एकीला चीर.

नकाशावर तो अंधार कसा दाखवायचा
याचं चिन्ह मला कुणी शिकवलं नव्हतं.
दोन रेषा काढल्या, मधली जागा कोरी ठेवली.
एरवी आकडे मी इंग्रजीत घालतो.
खाली तारीख लिहिली, पंधरा,
आणि पाचाला आकडी आली.
खोडरबर हातात होता.